काचेतल्या बाळाच्या घरची गुरं कोण बघतं?

प्रश्न थोडक्यात असा: "खानापूर तालुक्यातल्या एका गावातून लिहितोय. माझ्या वहिनीची प्रसूती बत्तिसाव्या आठवड्यात झाली. मुलगी झाली, वजन १३५० ग्रॅम. मिरजेच्या एका रुग्णालयात २६ दिवस काचेत होती. घरी येऊन आठ दिवस झाले, आता १६८० ग्रॅम आहे. भाऊ गलाईच्या, म्हणजे सोनं-चांदी गाळण्याच्या धंद्यात तमिळनाडूत असतो. घरी आई, दोन म्हशी आणि वहिनीचा चार वर्षांचा मुलगा. त्यामुळे वहिनी सहाव्या दिवशी घरी आली आणि एक दिवसाआड बाळाला दूध द्यायला मिरजेला जायची. आमच्या तरुण मंडळाकडे गणपतीतले ६०,००० रुपये शिल्लक आहेत. १७ नोव्हेंबरला अशा बाळांसाठी काहीतरी करायचं आहे. इन्क्युबेटर द्यावा का? की दुधाच्या पावडरचे डबे आणि कपडे वाटावेत? गावात काय सांगावं?"

कार्यक्रमाचं मागून बोलू. आधी बाळाची फाइल काढा आणि डोळ्यांच्या तपासणीची तारीख शोधा.

तुम्ही वजन लिहिलंत, दिवस लिहिलेत, म्हशीसुद्धा लिहिल्यात. डोळ्यांबद्दल एक अक्षर नाही. २६ आणि ८ म्हणजे ३४ दिवस झाले. जे बाळ ३४ आठवड्यांच्या आत जन्मतं किंवा ज्याचं जन्मवजन २००० ग्रॅमच्या आत असतं, त्याच्या डोळ्यांचा पडदा डोळ्यांच्या डॉक्टरांनी ३० दिवसांच्या आत बघायलाच हवा. बाहुली मोठी करणारे थेंब घालून बघतात. रुग्णालयात असतानाच तपासणी झाली असेल तर फाइलमध्ये तसा कागद असेल आणि पुढची तारीखही असेल, कारण हे एकदा बघून संपत नाही. पडद्यावरच्या रक्तवाहिन्या पुऱ्या वाढेपर्यंत दर एक-दोन आठवड्यांनी परत दाखवावं लागतं. कागद सापडला नाही तर उद्याच निघा.

त्या रक्तवाहिन्या आईच्या पोटात शेवटच्या दोन-तीन महिन्यांत पुऱ्या होत असतात. बाळ आधीच बाहेर आलं की त्या अर्धवट राहतात. त्यात ऑक्सिजन कमी-जास्त झाला, जंतुसंसर्ग झाला, वजन रेंगाळलं, की काही बाळांमध्ये त्या भलतीकडे वाढायला लागतात आणि शेवटी पडदा ओढून सुटा करतात. बाहेरून काहीही दिसत नाही. डोळा लाल होत नाही, पाणी येत नाही, बाळ रडत नाही. वेळेत कळलं तर लेझरने किंवा डोळ्यातल्या इंजेक्शनने थांबवता येतं, पण उपचार करायचे ठरल्यावर दोन-तीन दिवसांत करावे लागतात.

मी नवजात बाळांच्या विभागात २९ वर्षं काढली, त्यातली शेवटची काही इन्चार्ज सिस्टर म्हणून. जत तालुक्यातलं एक बाळ आठवतं, ११०० ग्रॅमच्या आसपासचं. दीड महिन्यावर आमच्याकडे होतं. घरी गेलं त्या दिवशी त्याच्या वडिलांनी अख्ख्या वॉर्डाला पेढे वाटले. चार महिन्यांनी आजी घेऊन आली. म्हणाली, "सिस्टर, खुळखुळा वाजला की मान वळवतंय, पण नुसता धरला तर बघत नाही." तारीख आम्ही दिली होती. डिस्चार्जच्या कागदावर, इंग्रजीत, तिसऱ्या पानाच्या तळाला. घरात इंग्रजी वाचणारं कोणी नव्हतं आणि त्या दिवसांत बेदाण्याच्या शेडवर काम जोरात होतं. त्या घराला दोष देणारे पुष्कळ भेटले. मला तो कधी देता आला नाही. त्यानंतर मी जाड पेनाने मराठीत तारीख लिहून तो कागद आईच्या पिशवीला टाचणीने लावायला लागले.

आता साठ हजारांचं.

इन्क्युबेटर नको. आपल्याकडे "बाळाला काचेत ठेवलंय" असं सरसकट म्हणतात, पण आत येऊन बघितलंत तर बहुतेक बाळं वरून उघड्या वॉर्मरवर, म्हणजे ऊब देणाऱ्या पलंगावर असतात. यंत्रांचा तुटवडा कुठे असेल तर तो सांगणं त्या विभागाच्या डॉक्टरांचं काम. यंत्रासोबत बाळाच्या अंगाला चिकटवायचा सेन्सर लागतो, तो खराब होतो, बदलावा लागतो. विजेचा दाब सांभाळावा लागतो. मुख्य म्हणजे त्या यंत्राकडे बघणारी सिस्टर लागते. एका ठिकाणी देणगीतून आलेली पेटी मी पाहिली आहे. फीत कापली, फोटो निघाले, देणगीदारांच्या नावाची पाटी लागली. सात-आठ महिन्यांत सेन्सर गेला, दुरुस्तीला माणूस येईना. शेवटी आम्ही त्यात धुतलेली दुपटी ठेवायचो. पाटी मात्र कायम चकचकीत होती.

पावडरचे डबे तर अजिबात नको. ते वाटणं कायद्यालाही धरून नाही. बाळाचं पर्यायी दूध आणि दुधाच्या बाटल्या यांच्याबद्दल १९९२ चा केंद्राचा कायदा आहे, २००३ मध्ये तो आणखी कडक झाला. अनाथालयाचा अपवाद सोडला तर कोणीही असे डबे किंवा बाटल्या दान म्हणून वाटायच्या नाहीत. मंडळाच्या बॅनरखाली डबे वाटतानाचा फोटो तुम्ही उत्साहाने टाकाल आणि नको त्या भानगडीत अडकाल. त्याहून वाईट म्हणजे डबा घरात आला की आईचं दूध मागे पडतं, आणि अपुऱ्या दिवसांच्या बाळाच्या आतड्याला वरचं दूध फार महाग पडू शकतं. आतड्याला सूज येऊन ते सडण्याचा एक भयंकर आजार या बाळांना होतो. आईच्या दुधावरच्या बाळांत तो बराच कमी दिसतो.

मग पैसे कशाला वापरायचे? त्याचं उत्तर तुम्हीच लिहिलंय, तुमच्या लक्षात आलेलं नाही. वहिनी सहाव्या दिवशी घरी आली, कारण म्हशी होत्या आणि चार वर्षांचं पोर होतं.

त्या सहा दिवसांत काय चाललेलं असतं बघा. पहिले दोन-तीन दिवस चीक येतो, थेंब थेंब. बत्तीस आठवड्यांच्या बाळाला एका वेळी चमचाभर किंवा त्याहून कमी दूध लागतं, त्यामुळे तेवढा चीक पुरतो. त्याला ओढता येत नाही. ओढणं, गिळणं आणि श्वास घेणं ही तिन्ही कामं एकत्र जमायला साधारण ३४ आठवडे व्हावे लागतात. तोवर आईने हाताने दूध काढायचं आणि ते नळीने, नंतर वाटी-चमच्याने किंवा बोंडल्याने द्यायचं. दर दोन-तीन तासांनी, रात्रीसुद्धा, दिवसातून आठ-दहा वेळा. छाती रिकामी होत राहिली तरच दूध वाढतं. म्हैस एक वेळ पिळायची राहिली तर काय होतं ते तुम्हाला सांगायला नको. बाईचंही तसंच आहे, फक्त घरात म्हशीची वेळ चुकत नाही.

वहिनी घरी आली, एक दिवसाआड यायला लागली, म्हणजे मधल्या दिवसाचं दूध गेलं. "तू तिथं बसून काय करणार, बाळ तर काचेत आहे" हे वाक्य मी नवऱ्यांकडून, सासवांकडून, कधी कधी आमच्याच लोकांकडून शेकडो वेळा ऐकलंय. तुमच्या आईंना मी बोल लावत नाही. त्या एकट्या होत्या. शेजारच्या दोन घरांनी वाटून घेतलं असतं, एकीने सकाळची धार काढली असती, दुसरीने पोराला अंगणवाडीत सोडलं असतं, मंडळाच्या पोरांनी वैरण टाकली असती, तर वहिनी २६ दिवस मिरजेत राहू शकली असती. मला तर असं वाटतं, की ती मुलगी चार-पाच दिवस आधी घरी आली असती. हे सिद्ध करता येणार नाही, पण एवढी वर्षं बघून अंदाज बांधता येतो.

म्हणून मंडळाने पहिलं काम करायचं ते बिनपैशाचं. गावात अशी प्रसूती झाली की त्या घराची धार, वैरण, पाणी, मोठं पोर आणि म्हाताऱ्यांचं जेवण याची वाटणी आठ घरांत करायची. मयताच्या घरी चूल पेटत नाही तेव्हा भाकरी कुठून येते? आपोआप येते, कोणाला सांगावं लागत नाही. तसंच हे.

साठ हजारांपैकी थोडे आईच्या डब्यावर आणि राहण्यावर जातील. सरकारी रुग्णालयात बाळाचे उपचार, औषधं, तपासण्या आणि ने-आण मोफत आहेत; जननी शिशु सुरक्षा कार्यक्रम २०११ मध्ये सुरू झाला आणि पुढे वर्षापर्यंतच्या आजारी बाळांना तो लागू झाला. खासगीत जावं लागलं तर महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत ते रुग्णालय आहे का, हे पहिल्याच दिवशी तिथल्या आरोग्यमित्राला विचारायचं. डिस्चार्जच्या दिवशी विचारून उपयोग नसतो. पण योजनेत न बसणारा खर्च असतोच: सोबतच्या बाईचं जेवण, रिक्षा, मोबाइलचा रिचार्ज, दोन गाऊन. घर कर्जात जातं ते पुष्कळदा या चिल्लर पैशांनी. उरलेली रक्कम पुढच्या तपासण्यांच्या गाडीभाड्यासाठी बाजूला ठेवा. डोळे, कान, वजन, वाढ यांसाठी पहिल्या वर्षात बऱ्याच फेऱ्या होतात आणि लोक तपासणी टाळतात ती बहुधा गाडीभाड्यापायी. जतच्या त्या बाळाच्या घरी मराठीतला कागद असता आणि गाडी दारात उभी राहिली असती तर, असं मला अजून वाटतं.

रुग्णालयाला काही द्यायचंच असेल तर आधी तिथल्या इन्चार्ज सिस्टरला भेटून विचारा. बहुतेक जणी सांगतील, मागे रेलता येणाऱ्या खुर्च्या द्या. का, ते पुढे येतं.

१९७८ च्या सुमारास कोलंबियात बोगोटा शहरातल्या एका मोठ्या प्रसूतिगृहात जागा आणि पेट्या इतक्या कमी होत्या की एका पेटीत दोन-दोन बाळं ठेवावी लागत आणि एकाचा जंतुसंसर्ग दुसऱ्याला होई. डॉ. एदगार रेय सनाब्रिया यांनी बाळं आयांच्या छातीवर उघड्या अंगाला अंग लावून बांधायला सुरुवात केली. पुढे डॉ. एक्तोर मार्तिनेस त्यांना येऊन मिळाले. यालाच कांगारू केअर म्हणतात. बरीच वर्षं लोकांना वाटायचं की हा गरिबांचा उपाय आहे, यंत्र नसलं तर करायचा. २०२१ मध्ये पाच देशांतल्या रुग्णालयांतला अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात दिल्लीचं सफदरजंग रुग्णालयही होतं. एक किलो ते १८०० ग्रॅमच्या आतली बाळं, यंत्रं आणि ऑक्सिजनची सोय असलेल्याच विभागात, पण जन्मल्याबरोबर आईच्या छातीवर ठेवली. आधी बाळ स्थिर होऊ दे, मग ठेवू, या जुन्या पद्धतीपेक्षा मृत्यू सुमारे एक चतुर्थांशाने कमी झाले. २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने शिफारस बदलली: शक्य तितक्या लवकर सुरू करा आणि दिवसाचे ८ ते २४ तास करा.

आठ तास! तुम्ही प्लॅस्टिकच्या खुर्चीवर, टाके ओले असताना, आठ तास बसून बघा. म्हणून मी रेलायच्या खुर्च्या म्हटलं.

करायची रीत सोपी आहे. बाळाला टोपडं, मोजे आणि लंगोट एवढंच. आईने पुढून उघडणारा गाऊन किंवा ब्लाउज घालायचा, आतून काही नाही. बाळ दोन्ही स्तनांच्या मध्ये उभं, पाय बेडकासारखे दुमडलेले, मान एका बाजूला आणि हनुवटी किंचित वर, म्हणजे नाक दबत नाही. वरून जुन्या मऊ लुगड्याने कंबरेभोवती घेऊन बांधायचं, कापडाची वरची कड बाळाच्या कानाखाली आली पाहिजे. मग गाऊन बंद करायचा, थंडी असेल तर शाल. एका बैठकीला निदान तासभर, कारण दर वेळी काढताना-ठेवताना बाळ दमतं. बांधून झालं की आई चालू शकते, जेवू शकते, फोनवर बोलू शकते, अर्धवट टेकून डुलकीही काढू शकते. उताणी सपाट मात्र झोपू नये.

तुमची पुतणी १६८० ग्रॅमची आहे, म्हणजे घरीही हे चालू ठेवायचं. अडीच किलोच्या आसपास गेली की ती स्वतःच हातपाय झाडून "पुरे" म्हणेल. आणि हे वहिनीनेच करायचं असं कोणी ठरवलं? तुमच्या आई करू शकतात. तुम्ही करू शकता, अंगावर खरूज-गजकर्ण नसेल, सर्दी-ताप नसेल, तंबाखू-सिगरेट नसेल तर. आमच्या वॉर्डात कडेगावकडचा एक ट्रॅक्टरवाला रात्री अकरा ते तीन बसायचा. पहिल्या रात्री सगळ्या बाया तोंडाला पदर लावून हसल्या. चौथ्या रात्री दोन जणींनी आपापल्या नवऱ्यांना फोन लावून बोलावून घेतलं.

तुमचा भाऊ गलाईला आहे, हे वाचून मला नवल वाटलं नाही. विटा-आटपाडीकडची निम्मी बाळंतपणं मी नवऱ्याशिवायच पाहिली. फोनवर माणूस विचारतो, "किती खर्च आला?" वाईट नसतो तो, लांबून त्याला तेवढंच विचारता येतं. अशा घरात दीर, सासरा, नणंद यांनी पुढे यायला पाहिजे आणि मंडळाच्या कार्यक्रमात हे पुरुषांना सांगितलं पाहिजे. बायकांना बोलावून पुन्हा बायकांनाच सांगण्यात काही अर्थ नाही.

तुमची तारीख सोयीची आहे, एका वेगळ्या कारणाने. १७ नोव्हेंबर हा जगभर अपुऱ्या दिवसांच्या बाळांचा दिवस म्हणून पाळतात, जांभळा रंग लावतात, इमारतींवर जांभळे दिवे सोडतात. त्याच सुमारास आपल्याकडे कृष्णाकाठी हंगाम सुरू झालेला असतो आणि बीडकडचे ऊसतोड मजूर फडात उतरलेले असतात. त्यांच्यात नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात. बाई गेली की कोयता मोडला, आगाऊ घेतलेली उचल फिटत नाही, खाडा पडतो. त्यामुळे सातव्या-आठव्या महिन्यातही मोळी डोक्यावर घेऊन ती गाडीवर चढते. पाणी गेलं तरी संध्याकाळपर्यंत सांगत नाही. अशी बाळंतीण उसाच्या पाचटाच्या कोपीतून थेट आमच्याकडे यायची, बाळ पोत्यात गुंडाळलेलं आणि बर्फासारखं गार. तिच्या मागे ना आठ घरं, ना शेजार; मुकादम आणि टोळी, बस. तुमच्या शिवारापासून फड लांब नसेल तर एखादा दिवस त्या कोप्यांवर जाऊन या. गरोदर बायका किती आहेत ते जवळच्या आशाताईला कळवा. तिच्या यादीत परगावच्या बायका बऱ्याचदा नसतात.

गावात काय सांगायचं, याबद्दल मी एकच पट्टी लावते: जे ऐकून कोणीतरी उद्या काहीतरी वेगळं करेल, तेच बोला. २०२० मध्ये भारतात अंदाजे ३० लाख बाळं ३७ आठवड्यांच्या आधी जन्मली, जगात सगळ्यांत जास्त, हे बोर्डावर लिहायला ठीक. ऐकणारा मान हलवून घरी जातो.

त्यापेक्षा हे सांगा, की दिवस भरायच्या आधी कळा आल्या, पाणी जायला लागलं, अंगावरून लाल गेलं, किंवा डोकं फार दुखून डोळ्यांपुढे अंधारी आली, तर "बघू, थांबतील" म्हणून रात्र काढायची नाही. १०८ ला फोन करायचा. २४ ते ३४ आठवड्यांच्या दरम्यान बाळंतपण होईलसं दिसलं तर आईला स्टेरॉइडची इंजेक्शनं देतात, बारा-बारा तासांनी चार. आईसाठी नाहीत ती, बाळाच्या फुप्फुसांसाठी आहेत. न्यूझीलंडमध्ये लिगिन्स आणि हॉवी या दोघांनी १९७२ मध्ये हे दाखवून दिलं. औषध स्वस्त आहे, आणि मोठ्या रुग्णालयात पाठवण्याआधी पहिला डोस उपकेंद्रातली नर्सताईसुद्धा देऊ शकते. पण त्यासाठी बाई आत पोचायला हवी, बाळ बाहेर यायच्या आधी. बाळ पोटात असतानाच मिरजेला किंवा सांगलीला हललं तर प्रवासात त्याला गारठा लागत नाही. जन्मल्यावर जीपमधून आणलेलं बाळ मात्र वाटेतच निम्मं दमतं. तशी वेळ आलीच तर कोणाच्या तरी छातीला बांधून आणा, टोपडं घालून.

दुसरं, मिश्री. सभेत याच्यावर कोणी बोलत नाही, कारण निम्म्या आजीबाई लावतात आणि त्याच पहिल्या रांगेत बसलेल्या असतात. मिश्री म्हणजे भाजलेली तंबाखूच. गरोदरपणी तिने बाळाचं वजन घटतं, दिवस आधी भरतात. सुनेने लावायची नाही असं सासूला सांगायचं तर आधी सासूची सुटली पाहिजे, ते मला २९ वर्षांत फारसं जमलं नाही. तुम्ही प्रयत्न करा.

मुहूर्ताचं सिझेरियन हाही आता खेड्यातला विषय झालाय. चांगला दिवस अमुक तारखेला आहे म्हणून दोन-तीन आठवडे आधीच पोट उघडायचं. तारखेचा हिशोब थोडा चुकलेला असला की ३७ समजून काढलेलं बाळ ३५ चं निघतं आणि दुसऱ्या तासाला कण्हायला लागतं. वैद्यकीय कारण नसेल तर ३९ आठवड्यांच्या आत सिझेरियनचा आग्रह डॉक्टरांकडे धरू नये. डॉक्टर स्वतःहून आधीची तारीख सुचवत असतील तर कारण विचारावं.

आणि "सातव्यातलं जगतं, आठव्यातलं जगत नाही" ही समजूत. आठव्या महिन्यातलं बाळ घरच्यांनी आधीच सोडून दिलेलं मी पाहिलंय. आत एक-एक आठवडा जास्त मिळाला की बाळाची ताकद वाढतेच. मला वाटतं, सातव्यातलं जगलं की त्याचं नवल होऊन पन्नास वर्षं गोष्ट सांगितली जाते. आठव्यातलं जगलं तर त्याची गोष्ट होत नाही, ते शाळेत जातं.

घरी आणलेल्या बाळाबद्दल तुमच्या आईंसाठी लिहिते, त्यांना वाचून दाखवा. रोज अंघोळ नको. कोमट पाण्याच्या फडक्याने पुसा, अंघोळीचं डॉक्टर सांगतील तेव्हा. धुरी नको, बंद खोलीत शेगडी नको. त्या फुप्फुसांना धूर सोसत नाही. कानात-नाकात तेल नको. घुटी, मध, गुळाचं पाणी, काही नको. सहा महिने आईचं दूध, आणि डॉक्टरांनी दिलेले लोह आणि ड जीवनसत्त्वाचे थेंब. हे थेंब "औषध किती पाजायचं" म्हणून महिन्याने बंद करतात, तसं करू नका. आईकडून लोहाचा साठा शेवटच्या महिन्यांत मिळतो आणि या बाळाला तो मिळालेलाच नाही. पाय गार आणि पोट गरम लागलं तर बाळाला गारठा लागतोय, छातीशी घ्या. दोन्ही गार लागली तर छातीशी धरून लगेच दवाखाना. दूध ओढेनासं झालं, मलूल पडलं, श्वास घेताना छाती आत ओढायला लागली, श्वास थांबून ओठ निळे पडले, तळहात-तळपाय पिवळे झाले, झटके आले, अंग तापलं, यातलं काहीही झालं तर रात्र आहे म्हणून थांबू नका.

काजळ डोळ्यात नको. दृष्ट लागायची भीती वाटत असेल तर तळपायाला तीट लावा, मी कधी अडवलं नाही. बारसं पुढे ढकला. एका घराने मूळ दिवस भरायच्या तारखेला बारसं केलं होतं, मला ते फार आवडलं. बघायला येणाऱ्यांना उंबऱ्याबाहेरून बघू द्या, आणि मुके घेणाऱ्या आत्याबाईंना तुमच्या आईंनीच आवरायचं, सुनेने नाही.

आशाताई ४२ दिवसांपर्यंत ठरलेल्या दिवशी येते, वजन करते, ताप मोजते. ती तोंडदेखली येत नाही. डॉ. अभय आणि राणी बंग यांनी गडचिरोलीत गावातल्याच बायकांना शिकवून नवजात मृत्यू ६२ टक्क्यांनी खाली आणले, ते १९९९ मध्ये प्रसिद्ध झालं आणि पुढे देशभर आशांच्या गृहभेटी त्यातून आल्या. तेव्हा "आम्ही मिरजेचा डॉक्टर केलाय" म्हणून तिला दारातून परत पाठवू नका.

पुढच्या वर्षभरात तुमच्या घरात एक भांडण होणार आहे, तेही सांगून ठेवते. शेजारचं त्याच महिन्यातलं पोर बसायला लागेल आणि ही बसणार नाही. तिचं वय जन्मतारखेपासून धरू नका. दिवस भरायचे होते त्या तारखेपासून धरा. ती आठ आठवडे लवकर आली, तेवढे वजा करा. लसी मात्र जन्मतारखेप्रमाणेच, त्यात वजाबाकी नाही. वजा करूनही मागे वाटली तर जिल्ह्याच्या ठिकाणी शीघ्र हस्तक्षेप केंद्र असतं, तिथे दाखवा. कानाची तपासणी राहिली असेल तर तीही तिथे विचारा.

कार्यक्रम लांबवू नका. पाहुण्यांची भाषणं दोनपेक्षा जास्त झाली की मागची रांग उठते. वहिनींची तयारी असेल तर त्यांना बोलू द्या, नसेल तर नको. पुष्कळ आयांना "माझ्याच पोटी असं का" याची लाज वाटत असते आणि माइक हातात देऊन ती जात नाही. बाळाला तर आणूच नका, गर्दीत. एक करता येईल. तुमच्या आईंना जुनं लुगडं आणि कापडी बाहुली घेऊन व्यासपीठावर बसवा आणि कसं बांधायचं ते दाखवायला सांगा. एक मापाची बाटली १३५० ग्रॅमपर्यंत पाण्याने भरून रांगेतून फिरवा, प्रत्येकाने हातात घेऊन बघू दे. बॅनर जांभळा हवा की कुठला, त्याचा मला फरक पडत नाही. शेवटी एका वहीत आठ घरांची नावं लिहून घ्या: धार कोण, वैरण कोण, गाडी कोण, आईसोबत राहायला कोण. नावं मिळाली नाहीत तर कार्यक्रम फसला असं समजा, फोटो कितीही चांगले येवोत.

आणि भाऊ सुट्टीवर आला की पहिल्याच दिवशी त्याला शर्ट काढून खुर्चीत रेलून बसवा आणि मुलगी छातीवर द्या. आधी कोपरापर्यंत हात साबणाने धुवायला लावा. अंगठ्या काढायला लावा, सगळ्या. गलाईवाला आहे, कुरकुर करेल.